मधल्या काळातली माणसं

माझा नवरा सम्यक मालाडच्या एका ऑफिसात मोबाइलचे गेम बनवतो. सध्याचा गेम शहर वसवायचा. जुन्या चाळीवर बोट ठेवायचं, चाळ गायब. पुन्हा ठेवलं की टॉवर उभा. माणसं थेट नव्या खिडक्यांत येऊन हात हलवतात. मधे काही नाहीच. "खऱ्यासारखं केलं ना, तर लोक कंटाळून गेमच काढून टाकतात गं," असं म्हणायचा.

इथवर ठीक होतं. पण आमच्या घाटकोपरच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट निघालं, आणि या शहाण्याने रविवारच्या वंदनेनंतर बुद्धविहाराच्या भिंतीवर प्रोजेक्टरने हाच गेम लावला! का, तर लोकांना नीट समजावं. चाळ पडली, टॉवर आला, टाळ्या पडल्या. संमतीची सही द्यायच्या फक्त सुगंधाआत्या उरल्या होत्या, याच्या सख्ख्या आत्या, एकट्याच राहायच्या. त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

मग चाळ खरोखरची पडली आणि बिल्डरने काम थांबवलं. आत्या आता बोरिवलीला भाड्याच्या खोलीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्टही नाही. गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद, विहार बंद, बोलायला ओळखीचं कुणी नाही. आमच्याकडे या म्हटलं तर ऐकत नाहीत. "मरायच्या आधी माझ्या घरात जायचंय, बस," एवढंच.

सम्यकला जेवण जाईना. शेवटी मी चिडले, "तोंड पाडून काय होणारेय? जाऊन बोल ना त्यांच्याशी!" तर या बाबाने आधी गेम बदलला. साहेबांशी भांडून बदलला. आता चाळ पाडली की माणसं पिशव्या घेऊन भाड्याच्या खोल्यांत जातात, वाट बघतात, म्हातारी होतात. तोच फोन घेऊन आम्ही बोरिवलीला गेलो.

आत्यांनी चष्मा लावला, चाळ पाडली. पांढऱ्या साडीतली एक बाई जिना चढून खोलीत गेली आणि खिडकीत बसली. आत्या बघत राहिल्या. बाई बसलेलीच.

"ही मी का रे?"

"आत्या, तेव्हाच तुला हे दाखवायला हवं होतं. चुकलं माझं."

"चुकलंच. दुसरीकडे कुठे दाखवलं असतंस, तर मी विचारलं असतं, मधे जायचं कुठे म्हणून. विहारात दाखवलंस. खोटं कसं वाटणार मला?"

एवढा मोठा माणूस, हमसून रडायला लागला. मला तिथे बसवेना, चहाच्या निमित्ताने उठून कोपऱ्यातल्या ओट्याशी गेले. आत्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, रागावल्याही नाहीत. फोन तेवढा परत दिला.

"हे काढून टाक. पहिल्यासारखं कर."

"पण हेच खरं आहे ना, आत्या."

"खरं काय ते मला माहितेय रे. तिला कशाला बसवून ठेवतोस? तिचं तरी तुझ्या हातात आहे ना? मग दे तिला घर."