गाभ्यातली गोगलगाय

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ज्यांचे पाय दुखत होते तेच सगळे तिथे उभे होते. मंचावर भूगर्भबाबांनी मुठीएवढा पांढरा दगड परातीत ठेवला आणि त्यावर पेलाभर गार पाणी ओतलं. दगड फुसफुसला, तडकला आणि त्यातून चक्क वाफ निघाली.

"पृथ्वीच्या गाभ्यातला दगड!" बाबा गरजले. "वर कवच, खाली प्रावरण, त्याखाली गाभा. तिथली आग अजून याच्या पोटात आहे! माणसाचंही तसंच. वर कातडी, खाली मांस, आत हाड. आतल्या दुखण्याला आतलाच दगड!"

सगळ्यांत मोठी टाळी माझ्या सासूबाईंची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"दवाखान्यात फोन करून नको म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "बाबांकडून असा दगड घ्यायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर बांधायचा. झालं!"

"अहो आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना..."

"डॉक्टर हाडापर्यंत जाणार गं. बाबा पार गाभ्यापर्यंत जाऊन आलेत."

भूगोल मी मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालता घालता शिकले, पण गाभ्याला जायला रस्ता आहे असं कुठे वाचलं नव्हतं. मी बाहेर येऊन नणंदेला फोन लावला. ती शाळेत भूगोल शिकवते. पांढरा दगड, पाणी, वाफ, एवढं ऐकून ती हसायलाच लागली.

"आलेच. वाटेत रंगाचं दुकान लागतं, तेवढं करून येते."

ती आली ती थेट मंचावर चढली. तिथे स्टुलाएवढा 'मूळ दगड' मांडला होता. बाबांचे सगळे तुकडे म्हणे त्यातूनच निघत. ती त्यावर वाकली.

"बाबा, गाभ्यात फार गरम असतं का हो?"

"लोखंडाचं पाणी होतं, बाळ!"

"अगदी बरोबर. गाभा लोखंडाचाच आहे. पण माणसाच्या यंत्राला अजून वरचं कवचसुद्धा पार करता आलेलं नाही. तुम्ही कसे गेलात?"

"ध्यानाने!"

"आणि हीसुद्धा ध्यानानेच गेली का?" तिने दगडावर बोट टेकवलं. "ही गोगलगाय?"

पुढची रांग मंचाला चिकटली. दगडात शंखाचा गरगरीत ठसा स्वच्छ दिसत होता.

"लोखंड वितळतं तिथे ही बया पाठीवर घर घेऊन राहत होती?"

बाबांनी घाम पुसला. "ती... ती सिद्ध गोगलगाय आहे!"

सभागृह हसलं. नणंदबाई मात्र वर्गात असल्यासारख्या सुरू झाल्या. "तप्त रस थंड होऊन होतो तो अग्निजन्य खडक. कुठलाही खडक दाबाने, उष्णतेने पालटला की तो रूपांतरित. आणि समुद्राच्या तळाशी गाळ, शंखशिंपले साचून होतो तो गाळाचा. हा चुनखडक, म्हणजे गाळाचा. तो भट्टीत भाजला की चुनकळी होते. चुनकळीला पाणी लागलं की उष्णता निघते. बाबा, मघाच्याच दगडावर पुन्हा पाणी ओता बरं."

"दगड आता समाधीत गेलाय."

"समाधीत नाही, विरलाय." तिने परात तिरकी करून दाखवली. आत पांढरा लगदा होता. मग दुकानातून आणलेली चुनकळी दुसऱ्या परातीत टाकून तिने पाणी ओतलं. तशीच फुसफुस, तशीच वाफ. "हिला गाभ्यातून आणावं लागलं नाही. आणि आई, ही रात्रभर गुडघ्याला बांधली असतीस तर कातडी भाजून निघाली असती."

सासूबाई परातीत बघत राहिल्या. "अगं, हे तर आपण माळ्याच्या भिंतीला फासलं होतं!"

घरी जाताना त्या म्हणाल्या, "गोगलगाय मी आधीच बघितली होती हं. म्हटलं, बघू कोणाच्या लक्षात येतं."

"हो, आई," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

सकाळी भूल द्यायच्या आधी त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "आत जाताय खरे, पण परत यायची वाट ठाऊक आहे ना?"

डॉक्टरांना ठाऊक होती. आता सासूबाई जिना चढतात, आणि वर पोचल्या की तिथून मला हाका मारतात.

तुमच्यापुढे कुणी चमत्कार मांडला तर खुशाल बघा. फक्त टाळी वाजवायच्या आधी एवढंच म्हणा, पुन्हा करून दाखवा, आणि तो दगड जरा जवळून बघू द्या.