चष्म्याविना खोली

गिरिधरने थोडेच दिवस म्हणून आत्याची खोली मागून घेतली, आणि त्या थोड्या दिवसांत दोन पोंगल उलटले.

अलमेलू आत्या तंजावरच्या शाळेतून निवृत्त होऊन चेन्नईत पश्चिम मांबळमला भाच्याकडे राहायला आली होती. तिच्या खोलीत आता पडदे राहत होते. गिरिधर बनवायचा ते, थ्रीडीचा चष्मा न लावता चित्र पुढे आल्यासारखं वाटावं, असले टीव्हीसारखे पडदे. त्यांना उजेड नको म्हणून खिडकीला काळा कागद, धूळ नको म्हणून एसी. आत्या हॉलमध्ये, सोफ्यामागच्या खाटेवर. भाचेसून संयुक्ताची मालिका संपेपर्यंत डोळे मिटून पडायचं, आणि पाहुणे आले की खाट भिंतीला उभी करायची. तिला पाहुण्यांपेक्षा पडद्यांचा राग जास्त. पाहुणे निदान जात.

घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, पण गिरिधरचं मराठी मागून आणलेल्या सदऱ्यासारखं, खांद्यात अडणारं. तो आत्याशी तमिळच बोलायचा. त्याच्या हाताखालचा पुष्कर मात्र पुण्याचा. रविवारी जेवायला आला, तेव्हा सांबार ओरपता ओरपता आत्याला म्हणाला, "आत्या, तुमच्या गिरिधरची खोली जमली एकदाची. परवा एग्मोरच्या हॉटेलात दाखवतोय. तुम्ही यायलाच पाहिजे."

आत्याने मनात हिशेब मांडला. पडद्यांसाठी हॉटेलात खोली घेतली, म्हणजे आपली सुटली. तरी खात्री असावी म्हणून विचारलं, "केवढी आहे?"

"चांगली हातभर वाटते," पुष्कर अभिमानाने म्हणाला.

पुण्याकडे विनोद असाच करत असतील म्हणून ती हसली. संध्याकाळी तिने गादी गच्चीवर उन्हात टाकली आणि शेजारच्या भवानीला खोली मिळाल्याचं सांगूनही टाकलं.

हॉटेलात बघावं तर भिंतीपाशी एका पडद्यात मासा पोहतोय, आणि पडद्यासमोर फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. चित्र पुढे आलेलं दिसायचं ते त्या पट्टीवरूनच. पडदा विकत घ्यायला आलेले मोठे मोठे सूटवाले पायाला पाय लावून, लग्नाच्या फोटोला उभे राहावेत तसे मान ताठ करून उभे राहत होते. टी. नगरच्या साडीदुकानाचे मालक राममूर्ती जरासे कलले, तर त्यांना एका शेपटीला दोन मासे दिसू लागले. पुष्करने खांदे धरून त्यांना पुन्हा सरळ केलं. एवढी शिस्त तर आत्याने तिसरीच्या वर्गालाही लावली नव्हती.

तिची पाळी आली. मासा पुढे आला, तोंड उघडून मिटून मागे गेला. आत्याने पडद्यामागे वाकून दार शोधलं. वायरी होत्या.

"दिसली का खोली?" पुष्करने विचारलं.

"मासा दिसला. खोली कुठं आहे?"

"हीच की, आत्या. माशाच्या मागे. किती खोल वाटतं बघा."

आता कुठे तिच्या लक्षात आलं. ती गिरिधरकडे वळली आणि आपली खोली कधी मिळणार, ते सरळ विचारलं. लोकांसमोर हे नको, असं तो तमिळमध्ये पुटपुटला. शिवाय पुढच्या महिन्यात याहून मोठा पडदा यायचा होता, तेव्हा तिने अजून थोडं सांभाळून घ्यावं.

आत्या तमिळवर गेली नाही. पुष्करला नीट कळावं म्हणून मराठीतच, फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलली.

"गिरी, तुझी खोली भिंतीला टांगता येते. माझी येत नाही. तुझी हॉलमध्ये टांग."

राममूर्तींनी अर्थ विचारला. पुष्करने मान खाली घालून सांगितला. राममूर्ती इतके हसले की पट्टीवरून पार बाहेर गेले. दुकानात बायका एकमेकींना ढकलत साड्या बघतात, त्यांना मी कुठल्या पट्टीवर उभं करू, असं म्हणून ते कॉफीकडे वळले. बाकीचेही वळले.

  घरी येताच आत्याने पुष्करला हाताशी धरलं. बिचारा शरमेने इतका वाकला होता की त्याने पडदे, पेट्या, वायरी सगळं एकट्याने हॉलमध्ये नेलं. संयुक्ता सोफ्यावर पाय वर घेऊन बघत राहिली. पाहुणे आले तर बसायचं कुठे, असं तिने नवऱ्याला विचारलं, तेव्हा तो बाथरूममध्ये गेला.

आत्याने एसी बंद केला आणि खिडकीचा काळा कागद ओढून फाडला. समोरच्या बाल्कनीत कुणाची तरी लुंगी वाळत होती, तिच्यामागे शेवगा, त्याच्यामागे पाण्याची टाकी. तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. सगळं जागच्या जागी होतं.