वरचे दोन मणी

सन दोन हजार तेवीस. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. दिवाळीची सुट्टी संपलेली, थंडी नुकती पडायला लागलेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा शाळेत गेलो. वय पंचेचाळीस.

मी गल्ला. सागवानी, पितळी कडीचा. बोलायची मला सवय नाही. पैसा सांभाळणाऱ्याने तोंड बंद ठेवावं. पण एका पोरीला भर वर्गात चोर म्हटलं, आणि खरं काय ते माझ्या पोटात होतं. म्हणून बोलतो. एकदाच.

कळवणच्या भिकन सुताराने मला घडवलं. नाण्यांना चार खण, नोटांना एक मोठा. माझे सांधे अजून हलत नाहीत. मोतीराम तेव्हा तरणा होता, पंचवटीत पालेभाज्यांचं दुकान टाकत होता. भिकनने पंचवीस रुपये सांगितले. मोतीरामने वीस रोख दिले आणि बाकीच्याची कोथिंबीर. जुड्या मोजून झाल्यावर वर एक जुडी टाकली.

ही त्याची सवय. शंभर जुड्या घेणाऱ्याला पाच वर. दोन घेणाऱ्या बाईला चार मिरच्या वर. मोजून होतं तेवढं गिऱ्हाइकाचं, वरचं दुकानदाराच्या मनाचं. वर न देणाऱ्या दुकानात माणूस दुसऱ्यांदा जात नाही, असं तो म्हणायचा. मोजणीत मात्र तो कधी चुकला नाही. मीही नाही.

माणसं मी जवळून पाहिली. फाटकी नोट देणारा ती दोन कोऱ्या नोटांच्या मध्ये घालतो. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याचा खिसा वाजत असतो. अंगठा ओला करून नोटा मोजणारे लोक तोच अंगठा भाजीला लावून ती ताजी आहे का बघतात. मी काही म्हटलं नाही. ते माझं काम नव्हतं.

मग दुकानाच्या खांबावर एक चौकोनी कागद चिकटला. काळे ठिपके. गिऱ्हाईक त्याला फोन दाखवायचं, आणि एका डब्यातून बाई बोलायची, 'पन्नास रुपये प्राप्त झाले.' त्या बाईवर माझा राग नाही. पण तिने आयुष्यात एकही फाटकी नोट ओळखली नसेल.

मी घरी फळीवर गेलो. माझ्यात खिळे आले, मोटारीचे फ्यूज आले, मोतीरामच्या बायकोच्या, सखुबाईच्या, गुडघ्याच्या गोळ्या आल्या. तीन वर्षं असा होतो. तक्रार केली नाही.

तेजलने मला खाली काढलं. मोतीरामची नात, सहावीतली. दोन वेण्या, आवाज आजोबाचा.

"आजोबा, गल्ला शाळेत नेऊ? आमच्या वर्गात बँक होणार आहे."

"ने. पण त्याचा एक खिळा जरी ढिला झाला, तर तुझे कान धरीन."

सखुबाई म्हणाली, "आणि माझ्या गोळ्या?"

"त्या बँकेत चालत नाहीत, आजी."

वर्ग सुवर्णा मॅडमचा. बत्तीस पोरं, बहुतेक मळ्यातली. आईबाप भाजी नाहीतर फुलं लावणारे. पोरं पंखे चालू ठेवून घरी जायची, पेन्सिली हरवायची, गृहपाठ विसरायची. मॅडमने ओरडणं सोडलं आणि नवीन रीत काढली. वर्गात प्रत्येकाला एक काम. शनिवारी त्याचा पगार. बसायच्या बाकाचं भाडं. खिडकीजवळ तीस, मधे वीस, मागे दहा. गृहपाठ विसरला तर दंड. उरेल ती आपापली शिल्लक, जवळ जपून ठेवायची. मार्चअखेर मॅडम स्वतःच्या खर्चाने आणलेल्या वस्तूंचा लिलाव करणार. कंपासपेटी, फुटबॉल, बॅडमिंटनची रॅकेट. बोली शिलकीतून लावायची.

चलनाला नाव हवं होतं.

"डॉलर!" समर्थ म्हणाला. समर्थ हुशार. तो हे स्वतःच सांगायचा.

"कांदा ठेवा," बंटी म्हणाला. बंटी विंचूरहून शिकायला मामाकडे आलेला. "भाव पडला की सगळे एकदमच गरीब."

शेवटी 'मणी' ठरलं. द्राक्षाचा मणी. मॅडमने रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे कापले, प्रत्येकावर शिक्का मारला. मला हसू आलं. पुठ्ठा! पण पहिल्या शनिवारी पोरांनी तो पुठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, मोजला, पुन्हा मोजला, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला. तेव्हा मी हसणं थांबवलं. मोतीरामची पहिली कमाई अशीच माझ्यात आली होती.

कॅशियर तेजल. गल्ला तिचा म्हणून नव्हे, ती भराभर मोजायची म्हणून. समर्थकडे भाडेवसुली. बंटीकडे पंखे आणि दिवे. चार आठवड्यांत पंखा एकदाही चालू राहिला नाही. एकदा तर बंटीने मॅडम वर्गात असताना दिवा घालवला.

"बंटी, मी अजून इथे आहे."

"मॅडम, रस्ता द्या, पगाराचा प्रश्न आहे."

मजेत चाललं होतं. पाच शनिवार पगार वाटला. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मॅडमने बँक तपासायला काढली. मला टेबलावर पालथा केला. हे मला आवडलं नाही, पण तपासणी म्हणजे तपासणी.

वहीप्रमाणे बाराशे मणी हवे होते. निघाले आठशे नव्वद.

मॅडमने पुन्हा मोजले. आठशे नव्वद. तीनशे दहा कमी.

तेजलचा चेहरा उतरला. "मॅडम, मी वहीत सगळं लिहिलंय."

"वहीत बरोबर आहे गं. गल्ल्यात नाही."

"चोर!" समर्थ उभा राहून ओरडला. "गल्ला तिचा, किल्ली तिची. अजून कोण घेणार?"

सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. मी ती नजर ओळखतो. बाजारात कुणाचा खिसा कापला की जवळच्या माणसाकडे लोक तसंच बघतात. तेजल म्हणाली, "मी नाही घेतले." इतकंच. रडली नाही. वही मात्र तिने मॅडमपुढे सरकवली.

मला ठाऊक होतं कुठे गेले ते. प्रत्येक शनिवारी एकतीस वेळा ते माझ्यातून जाताना पाहिले होते. पण सुताराने मला कडी दिली, जीभ नाही.

सुवर्णा मॅडम बाई शहाणी. समर्थला खाली बसवलं. खुर्ची ओढून तेजलसमोर बसली, हात पुढे केला.

"मी तुझ्याकडे पगाराला आले आहे. माझे चाळीस दे."

तेजलने मोजायला सुरुवात केली. आजोबासारखीच, ओठ हलवत. "...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस." आणि मग, अगदी सहज, "हे वरचे दोन."

मॅडमने ते दोन मणी वेगळे ठेवले.

"वरचे कसले?" मॅडम म्हणाली.

"मॅडम, मोजून झालं की वर द्यायचं असतं ना?" तेजलला प्रश्नच कळला नव्हता. "सगळ्यांना दिले. माझ्या पगारावर नाही घेतले. आपलं आपल्याला कुणी वर देतं का?"

बंटी आधी हसला. "मॅडम, हिने बँकेची भाजीमंडई केली!"

मग सगळेच हसले. मॅडमलाही हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. एकतीस पोरं, दोन मणी, पाच आठवडे. मॅडमने फळ्यावर गुणाकार मांडला. तीनशे दहा. बरोबर.

मग मॅडम गंभीर झाली. "कुणाकुणाला दोन जास्त मिळाले, हात वर करा."

एक हात वर आला. मग पाच. मग एकतीस. समर्थचा सगळ्यांत शेवटी.

"आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"आमच्याकडे असंच देतात," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला वाटलं बोनस आहे," बंटी म्हणाला.

समर्थने हात खाली घेतला. त्याला भाडेवसुलीत पै न पैचा हिशेब लागायचा. दर शनिवारी दोन जास्त आले ते त्याला कळले नसतील, हे मी मानत नाही.

मॅडम तेजलला म्हणाली, "आजोबा वर जुडी देतात, ती कुणाची?"

"आमची. मळ्यातली."

"आणि हे मणी?"

तेजलने फळ्यावरच्या आकड्याकडे बघितलं. म्हणाली, "वर्गाचे."

"मग तू कुणाचं वाटलंस?"

 

चोर हा शब्द मॅडमने समर्थला परत घ्यायला लावला. त्याने घेतला, जमिनीकडे बघून. पण बँकेत तीनशे दहा कमी होतेच. मॅडमने नियम सांगितला. बँक पूर्ण भरल्याशिवाय लिलाव नाही. कुणासाठीच नाही.

पोरं कुरकुरली. काहींनी दहा-दहा मणी परत आणले. निम्म्यांचे तर कधीच भाड्यात नाहीतर दंडात गेले होते. मॅडम तेजलला म्हणाली, जमेल तेवढे परत घे, बाकीचं बघू. तेजल म्हणाली, सोमवारी सांगते. सोमवारी ती आजोबालाच घेऊन आली.

मोतीराम आता सत्तरीपलीकडे. टोपी, काठी, खिशात नोटांची घडी. मला टेबलावर बघून त्याने आधी माझ्या कडीवरून बोट फिरवलं. मग मॅडमसमोर घडी ठेवली.

"तीनशे दहा. मोजून घ्या. पोरीचं नाव मोकळं करा."

"बाबा, इथे रुपये चालत नाहीत."

मोतीरामने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पंचेचाळीस वर्षं धंदा केला. रुपया चालत नाय अशी जागा आज बघितली. मग फेडायचं कसं?"

"काम करून. मणी कमवून."

तो काठीवर हनुवटी टेकून बसला. मग म्हणाला, "मग बरोबर हाय तुमचं." घडी उचलली. तेजलकडे वळला. "वर द्यायचं ते आपल्या टोपलीतलं. दुसऱ्याची टोपली सांभाळायला दिली की तिच्यातली काडीसुद्धा आपली नाय. कळलं?"

"हो."

"आता भरून दे. आणि पोरांना दिलेले परत घेऊ नको. दिलं ते दिलं."

"आजोबा, तीनशे दहा आहेत!"

"मग लवकर लाग कामाला."

तेजलने पोरांनी आणलेले मणी त्यांना परत दिले आणि स्वतःची शिल्लक त्याच दिवशी माझ्यात टाकली. शंभर मणी. रॅकेटसाठी जमवलेले. राहिले दोनशे दहा. कॅशियरचं काम मॅडमने समर्थला दिलं. तेजलने कुणीच घेत नव्हतं ते काम मागून घेतलं. वर्गाबाहेर चपला रांगेत लावायच्या. पगार पंचवीस. मधलं बाक सोडून ती मागे गेली, भाडं दहा. आठवड्याला पंधरा उरायचे. ते ती शनिवारी समर्थसमोर ठेवायची. समर्थ मोजायचा, वहीत लिहायचा. दोघं बोलायची नाहीत.

बत्तीस जोड चपला. त्यात बंटीच्या दोन वेगवेगळ्या. तेजल त्याही जोडीने लावायची.

पण पंधराने पुरत नव्हतं. मार्चअखेरपर्यंत बारा शनिवार, म्हणजे एकशे ऐंशी. तीस कमी पडणार. हे तिने आधीच मोजलं होतं. तिची आई सरिता फुलं लावते. तेजल रोज मळ्यात कामाला हात लावायची, त्याच्या मोबदल्यात तिने आईकडून थोडी शेवंती मागून घेतली आणि गजरे केले. वर्गात पाच मण्यांना एक. दोन पोरींनी घेतले. एक बंटीने घेतला आणि मॅडमला दिला. चौथा त्याने मामीसाठी घेतला आणि विचारलं, "वर काय?"

तेजलने एक सुटं फूल त्याच्या हातावर ठेवलं. "हे माझं आहे."

मार्चचा शेवटचा शनिवार आला. वस्तू टेबलावर मांडल्या होत्या. रॅकेट सगळ्यांत पुढे. समर्थची नजरही तिच्यावरच. तेजलने शेवटचा पगार आणला, पंधरा माझ्यात ठेवले. समर्थने वही बघितली.

"दहा कमी," तो म्हणाला.

"माहीत आहे." तिच्याकडे दोन गजरे उरले होते. घेणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना लिलावासाठी मणी राखायचे होते. पोरं घड्याळाकडे बघत होती. 

समर्थने वही मिटली. मग स्वतःच्या दप्तरातला आतला कप्पा उघडला. दहा मणी काढले. माझ्यातले नाहीत, त्याचे. मी बघितलं.

"दोन्ही दे," तो म्हणाला. "आईला एक, आजीला एक."

"रॅकेटला कमी पडतील तुला."

"पडू देत. दे लवकर."

तिने गजरे दिले. त्याने दहा मणी तिच्या हातावर मोजले. तिने ते जसेच्या तसे टेबलावरून त्याच्याकडे सरकवले. त्याने पुन्हा मोजले, माझ्या खणात टाकले, वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. तीनशे दहा.