चढणीवरची थाप

मित्रांनो, रस्त्यावरून ट्रक जाताना तुम्हाला चाकं दिसतात, हेडलाइट दिसतात, मी मात्र दिसत नाही. मी एक जुना लोखंडी दांडा आहे. एका ट्रकच्या पोटाखाली, मागच्या आसाजवळ माझी जागा आहे. माझं एक टोक आसाला आणि दुसरं सांगाड्याला बोल्टने जखडलेलं असतं.

हा ट्रक कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून टेकडीवरच्या बाजारात पोचवतो. चालवणाऱ्या माणसाला सगळे बर्फवाले म्हणत. त्यांचा थोरला मुलगा त्यांच्यासोबत असे. चढावर गाडी अडली की तो उतरायचा, चाकामागे दगड लावायचा आणि मागच्या फळीवर दोन थापा मारायचा. त्याचा अर्थ होता, 'बाबा, चला.'

ट्रकचा मागचा आस कमानपाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांवर, बसवलेला आहे. जड माल घेऊन चढ चढताना चाकं पुढे रेटतात, तेव्हा आस उलट्या बाजूला पीळ खाऊ बघतो. पाटे लवचीक, तेही त्याच्याबरोबर वेडेवाकडे होतात आणि मग फटकन सरळ होतात. त्या झटक्याने चाक रस्त्यावरून उडतं. उडालेल्या चाकाला पकड कसली? एकदा टेकडीच्या वळणावर, वितळलेल्या बर्फाने ओल्या झालेल्या रस्त्यावर, चाक असंच उडालं आणि गाडी मागे घसरली. मुलगा तेव्हा दगड लावायला वाकलेला होता. तो पुन्हा उठला नाही.

तेव्हा मी नव्हतो. मी पंपाचा निकामी पाइप होतो, भंगारात पडलेला. बर्फवाल्यांची धाकटी मुलगी वेल्डर होती. तिने मला उचललं, मापाने कापलं, दोन्ही टोकांना रबर बसवलेल्या कड्या जोडल्या. शेजारी लेथ चालवणाऱ्या टर्नरने विचारलं, "एवढा जाड कशाला घेतेस गं?"

"आस पीळ खायला लागला की यानं धरून ठेवायचंय," ती म्हणाली. "आमची गाडी पुन्हा उडता कामा नये."

तोंडावरच्या मुखवट्याची काळी काच खाली ओढून तिने वेल्डिंग केलं. काच वर केली तेव्हा तिचे गाल ओले होते.

पहिल्याच फेरीत ट्रक वळणावरून संथपणे वर गेला. बाजारातल्या ड्रायव्हरांनी वाकून वाकून मला पाहिलं, माझं कौतुक केलं. मी सुखावलो. बर्फवाले मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिले होते.

"गाडी गप्प का झाली?" घरी आल्यावर त्यांनी मुलीला विचारलं.

"आस पीळ खात नाही आता, बाबा."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. एका दुपारी ते माझ्याखाली सरकले आणि त्यांनी पुढचा बोल्ट काढून मला तारेने वर बांधलं. मग हळूच म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे. पण वळणावर त्याची थाप ऐकू यायची. तू आलास आणि ती बंद झाली."

मी लोंबकळत राहिलो. वळण आलं की आस पीळ खायचा, धडधड व्हायची आणि वर बसलेले बर्फवाले पुटपुटायचे, "आलो रे, आलो." ते ऐकताना माझ्या लोखंडालाही गार वाटायचं.

मग धुक्याची एक सकाळ आली. बाजारातलं एक शटर दुरुस्त करायला मुलगी ट्रकमधून निघाली होती. वळणावर धडधड सुरू झाली आणि ती दचकली.

"बाबा, दांडा कुठंय?"

"ऐकलंस ना? तुझा दादा आहे गं इथंच."

एवढ्यात चाक उडालं आणि गाडी मागे सरकू लागली. मुलीने उडी मारली. तिचे बूट मागच्या चाकाकडे धावत येताना मला दिसले. दगड उचलून ती वाकली, अगदी तिथेच.

"मागे जाऊ नकोस! बाजूला हो!" बर्फवाले ओरडले आणि जिवाच्या आकांताने त्यांनी ब्रेक दाबला. गाडी तिच्या हातापाशी येऊन थांबली. तिला दूर उभं करून त्यांनी ट्रक हळूहळू मागे सपाट जागेवर घेतला. इंजिन बंद केलं. खाली उतरून तिला जवळ घेतलं.

आणि तेव्हा मागच्या फळीवर दोन थापा पडल्या.

मित्रांनो, आस स्थिर होता. पाटे स्थिर होते. एखादी लादी सरकली असेल. मी खालून पाहिलं, ओल्या रस्त्यावर त्या दोघांशिवाय कुणाचीच पावलं नव्हती.

"मीही ऐकलं, बाबा," मुलगी कुजबुजली.

बर्फवाल्यांनी खिशातून माझा बोल्ट काढला. "जायला सांगतोय," ते म्हणाले. "दे तो पाना."

बोल्ट त्यांनी स्वतःच्या हाताने आवळला. पुढे कित्येक वर्षं दर आठवड्याला ते पाना घेऊन माझ्याखाली यायचे. आता ते थकले, गाडी मुलगी चालवते. तिला कामातून सवड मिळत नाही. माझी रबरं झिजली आहेत, कडीला गंज चढला आहे.

म्हणून विनवतो, मित्रांनो, ज्या गाडीवर आपली माणसं बसतात तिच्याखाली अधूनमधून वाकून बघत जा. चढणीला आसाचा सगळा पीळ माझ्या अंगात येतो. त्याच्याबरोबर आणखी काय येतं, ते मला विचारू नका. फक्त माझा बोल्ट सैल राहू देऊ नका.