पहिल्या गटातली इनेझ

सांडोर गावात यमुनेची आणि इनेझची वाडी शेजारशेजारी आहेत; दोन्ही वाड्यांपुढून, बाजाराच्या वाटेवर, एक ओहोळ जातो आणि त्यावर नारळाच्या दोन खोडांचा साकव आहे. चाळीस वर्षं दोघी केळीच्या पानांचे भारे डोक्यावर घेऊन त्या साकवावरून बाजाराला गेल्या. आधी जाईल तिनं पलीकडे भारा उतरवायचा, मागं वळायचं, हात पुढे करायचा. कधी ठरवलं, कुणी ठरवलं, दोघींनाही आठवत नाही. खोडं शेवाळली की यमुना गुणगुणायची,

पैल गेली सई गं, मागं वळून पाहिते
हात तिचा येई गं, मंग पाऊल टाकिते

"पुरे गं बाई, बाजार उठेल," इनेझ म्हणायची. पण हात घट्ट धरायची.

इनेझच्या केविनला बंगळुरूला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला मम्मीनं यायचं आणि यमुनाकाकीनंही यायचंच, असं त्यानं ठरवून टाकलं. लहानपणी तो जेवायला काकीच्या ओसरीवरच असायचा. तिकिटं त्यानंच काढली, शेजारशेजारची.

यमुनेनं विमान पाहिलं होतं ते वाडीवरून जाणारं, माडाच्या शेंड्याआड लपणारं. आठ दिवस ती इनेझला एकच विचारत होती.

"आत चढताना हात धरशील ना गं?"

"धरते की. नाहीतर काखोटीला मारून नेते," इनेझ हसली.

विमानतळावर इनेझ मोरपंखी साडीत, नव्या चपलांत, ताठ चालत होती. यमुनेच्या हातात वायरची पिशवी, पिशवीत केविनसाठी सुकेळी, घरी उन्हात वाळवलेली केळी, आणि ओठांवर देवाचं नाव. ते मधूनच मोठ्यानं बाहेर पडायचं. गेटजवळ लोक उठायला लागले तशी इनेझनं पर्समधून आपला पास काढला.

"माझ्या पासवर प्रायॉरिटी आहे. केविनच्या विमानप्रवासाचे पॉइंट साठले होते, त्यावर एकीलाच मिळालं. आधी पहिला गट आत सोडतात. तुझा पाचवा."

"मग तू थांब की माझ्यासाठी."

"तसं नसतं ते. इथले नियम कडक असतात. उगाच चारचौघांत कुणी बोललं म्हणजे? मी आत आहेच ना. ये तू मागून."

आणि ती गेली. काचेच्या दारातून आत, पुढच्या वळणावरून दिसेनाशी. वळून पाहील, पाहील म्हणून यमुना उभी होती.

मग रांगच उरली नाही. पहिल्या गटामागून सगळा लोंढा घुसला. पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं, मुंबईच्या एका शाळेची सहल, फोनवर भांडणारे गृहस्थ. दारातली मुलगी पास मशिनवर टेकवी आणि पुढचा घेई. कुणाचा कितवा गट, तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. यमुना मात्र पाचव्या गटाची वाट पाहत बसली. पाचवा गट पुकारला तेव्हा बाकांवर ती आणि आणखी दोघं उरली होती.

गेटपासून विमानापर्यंत नेणारा बोगदा पायाखाली हलत होता. विमानाच्या दाराशी बोगदा संपला. बोगदा आणि दार यांच्यामधल्या फटीतून खूप खाली सिमेंटची जमीन दिसली. यमुनेचा पाय उचलेना. तिनं सवयीनं हात पुढे केला. समोर कुणी नव्हतं.

"आंटी, चलो ना," मागचा म्हणाला.

डोळे मिटून तिनं पाऊल टाकलं. इनेझ खिडकीशी पट्टा बांधून बसली होती.

"आलीस? बघ, किती सोपं!"

बिचारी, तिला तरी काय माहीत, यमुनेनं मनाशी म्हटलं. नियमाला घाबरली. माणूस घाबरतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना केविननं विचारलं, "काकी, चढताना भीती वाटली नाही ना? मी मम्मीला दोनदा सांगितलं होतं, काकीला बरोबर घेऊनच आत जा. ते गटबिट कुणी बघत नाही. आणि विचारलंच तर सांग, बहीण आहे, घाबरते. सोडतात."

इनेझ पाठमोरी कप विसळत होती. कप विसळून झाला तरी नळ वाहत राहिला.

"भीती कसली रे?" यमुना म्हणाली. "हात धरूनच नेलं तिनं मला."

बाप्तिस्मा झाला. यमुनेनं बाळाला मांडीवर घेतलं, अंगाई म्हटली, सगळ्यांबरोबर जेवली. परतताना गेटवर इनेझनं आपणहून हात पुढे केला. "चल गं, दोघी जाऊ. कुणी बघत नाही."

"तुझा गट आधी. तू जा."

"रागावलीस?"

"एवढंच सांग. तेव्हा का नाही?"

इनेझ आपल्या नव्या चपलांकडे पाहत राहिली. "तुझी ती वायरची पिशवी. मोठ्यानं देवाचं नाव घेणं. लोक बघत होते गं. वाटलं, एकदा, एकदाच एकटीनं जावं. तुझ्याबरोबर नाही." आणि घाईनं म्हणाली, "शेजारीच तर बसायचं होतं!"

"हो. शेजारीच."

याही वेळी यमुना पाचव्या गटातच गेली. दाराशी फट होतीच. या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत आणि हातही पुढे केला नाही.

घरी आल्यावर पहिल्या बाजाराच्या दिवशी उजाडताना इनेझ साकवापलीकडे भारा उतरवून उभी राहिली. वळली. हात पुढे केला. यमुना आपल्या वाडीतून भारा घेऊन निघाली आणि ओहोळाच्या काठाकाठानं सडकेकडे वळली. तिकडून बाजार अर्ध्या तासानं लांब पडतो.

"यमुने! अगं, मी थांबलेय इथं!"

यमुनेच्या ओठांशी ती साकवावरची जुनी ओवी आली. तिनं भारा सावरला आणि ओवी न म्हणताच चालत राहिली. केळींमागं यमुना दिसेनाशी झाली तरी साकवाच्या टोकाशी इनेझचा हात तसाच पुढे होता.