शनिवारचं वजन

वालीवच्या एका गाळ्यात भिंत उभारून मी मुलांना क्लायम्बिंग शिकवतो. दर शनिवारी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा, हा माझा नियम. कुणाचा आकडा वाढला की "हे पोतं वर कोण खेचणार, तुझा बाप?" असं सगळ्यांसमोर ओरडायचो.

पाचूबंदरची मेलिसा पंधरा वर्षांची. तिची आई टीमसाठी तळलेले बोंबील आणि पाव पाठवायची. मेलिसा ते सगळ्यांना वाटायची आणि स्वतः "घरी खाल्लं" म्हणायची. मी गाढव, फळ्यावरचा तिचा आकडा दाखवून इतरांना म्हणायचो, "शिका जरा हिच्याकडून!" राज्य स्पर्धेत ती पहिली आली. गेल्या आठवड्यात भिंतीखाली दोर बांधताबांधता कोसळली.

आज हॉस्पिटलात गेलो. तिच्या आईने मला बसायला खुर्ची दिली. मला, खुर्ची!

"सर, ती आमचं कोनाचंच ऐकत नाय. तुमचं ऐकते. तुम्ही सांगा."

मी पेजेची वाटी मेलिसापुढे धरली. "खा बाळा. मी सांगतोय ना."

तिने वाटी बाजूला सारली आणि कशीबशी उठून बसली.

"सर, आज शनिवार," ती म्हणाली. "आधी वजन करा ना."