शेवटचा नंबर

शिवणवाल्या वहिनी त्या दिवशीही सकाळपासून निर्जळी उपाशी होत्या, आणि त्यात पुण्य मात्र कवडीचं नव्हतं. डावा खुबा टीबीने पोखरला होता. औषधांनी टीबी गेला, तसं डॉक्टरांनीच तपासून सांगितलं. पण जाताना सांधा घेऊन गेला. आता कृत्रिम सांधा बसवायचा होता. तो बसला तर वहिनी पुन्हा मशीनवर बसणार. गेलाबाजार रात्री कुशीवर तरी वळणार.

पण ऑपरेशन थिएटरचा नियम होता: टीबीची केस सगळ्यात शेवटी, कारण तिच्यानंतर खोली धुवावी लागते. शेवटच्या केसची पाळी येईपर्यंत दिवस संपायचा. मग वहिनींची ट्रॉली दारातून माघारी. असं वर्षभर चाललं होतं.

"पण टीबी गेला ना?" नणंदेने सिस्टरना विचारलं.

"गेला हो. नाव राहिलं."

"म्हणजे बदनामीसारखंच की," वहिनी ट्रॉलीवरून म्हणाल्या. "माणूस सुधारतो, शेजारी सुधारत नाहीत."

तेवढ्यात मोठे डॉक्टर टोपी काढत दारापर्यंत आले. त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती. ती ते टोपीखालीच ठेवत असावेत. "आज नाही जमणार, ताई. पुढच्या आठवड्यात नक्की."

वॉर्डातल्या मामांनी ट्रॉली वळवायला घेतली. ती दारात बरोबर आडवी आली, तशा वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ब्रेक दाबा."

लग्न झाल्यापासून वहिनींचा एक शब्द न ऐकलेल्या नणंदेने तत्क्षणी ब्रेक दाबला, आणि त्यावरच पाय ठेवून ती उभी राहिली.

"अहो, दार अडलं! मला घरी जायचंय," डॉक्टर आतून म्हणाले.

"जाल हो. पुढच्या आठवड्यात नक्की."

मामांना एकाएकी खोकला आला.

"ताई, समजून घ्या. तुमच्यानंतर सगळी खोली धुवावी लागते."

"आणि बाकीच्यांनंतर काय, नुसती फुंकर मारता?" वहिनींचा आवाज चढला. "मी टाके घालते डॉक्टर, मला कच्ची सबब लगेच कळते. धुवायचा कंटाळा तुम्हाला, आणि पाय आखडला माझा!"

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने छताकडे. शेवटी त्यांनी आतल्या फळ्यावर उद्याच्या पहिल्या नंबरापुढे वहिनींचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, तेव्हा कुठे नणंदेने पाय उचलला.

दुसऱ्या दिवशी वहिनींना शुद्ध आली, तर नणंद उशाशी लालबुंद होऊन बसलेली.

"वहिनी, सांधा बसला. खोलीही धुतली. मी दाराशीच होते. डॉक्टर चहा प्यायला बसले, आणि त्यांचा कप रिकामा व्हायच्या आत मामा खोली धुऊन मोकळे!"

वहिनींनी बोटांवर वर्षभराच्या फेऱ्या मोजल्या. मग म्हणाल्या, "एका कपाएवढंच काम होतं?"

"एका कपाएवढंच."

"मग त्यांना सांगा, मला जेव्हा चहा चालेल तेव्हा पहिला कप त्यांनी स्वतः आणायचा. आणि गार करून आणला, तर पुन्हा ब्रेक दाबा."